मामांच्या पेटीतली बिटं

मी डिप्लोमा केला मेकॅनिकलचा आणि नोकरीची वीस-बावीस वर्षं काढली स्टोअरच्या खिडकीत. आमचा कारखाना सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आहे. साखर कारखान्यांना लागणारी जड कामं आम्ही करतो. गिअरबॉक्सखालच्या बेसप्लेटा, मोठाले फ्लँज, ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचे सांगाडे. मुलाखतीत मी साहेबांना म्हटलं होतं, "मला शॉपवर घ्या, मशिनांपाशी. ड्रॉइंग वाचता येतं, मशीन चालवता येतं." साहेब हसून म्हणाले, "अगं, तिथं दिवसभर उभं राहावं लागतं. तू स्टोअर सांभाळ, विश्वासाचं काम आहे." वडील शाळेत क्लार्क होते. त्यांना बरंच वाटलं. पंख्याखाली बसून करायची नोकरी, वर कंपनीची बस. मलाही तेव्हा नको म्हणता आलं नाही. पण ते मनात राहिलं. खिडकीतून मी ड्रिलची बिटं, कानशी, वेल्डिंगचे इलेक्ट्रोड देत राहिले आणि पलीकडे मशिनं चालत राहिली.

हे आधी सांगतेय, कारण पुढं मी जशी वागले त्याचं मूळ तिथंच कुठंतरी असावं. त्यानं माझी चूक लहान होत नाही, हे मला कळतं.

रेडियल ड्रिलवर एक मामा होते. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वळसंगचे. घरी थोडी शेती, घरात कानडी, बाहेर मराठी, शाळा चौथीपर्यंत. रेडियल ड्रिल म्हणजे जाड खांबाचं, लांब आडव्या हाताचं मशीन. खाली टेबलावर प्लेट बांधायची आणि तो हात पाहिजे त्या खुणेवर फिरवून आणायचा. मामांच्या मशीनचा आवाज स्टोअरपर्यंत यायचा. दुसरं कुणी चालवलं की ते किंचाळायचं. मामा असले की नुसती एकसारखी घरघर. बिट पोलादात उतरायला लागलं की ते हँडलवर हात ठेवून स्वतःशीच "निधान, निधान" असं पुटपुटायचे. कानडीत निधान म्हणजे सावकाश, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

मी नवी होते तेव्हा सगळी बिटं पत्र्याच्या एका ट्रेमध्ये टाकून ठेवायची. मोठी, बारकी, नवी, वापरलेली, सगळी एकत्र. कुणी मागितलं की त्यात हात घालून खडखड करत शोधायचं. मामांनी एकदा खिडकीतून ते बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाभळीचा एक ठोकळा घेऊन आले. त्याला ओळीनं भोकं पाडलेली, बारक्यापासून मोठ्यापर्यंत.

"ताई, धारंला धार लागली की दोनी बिटं गेली. एकेकाला आपापलं घर द्या की."

त्या दिवसापासून बिटं ठोकळ्यात उभी राहायला लागली. मग हळूहळू मामा एकेक गोष्ट सांगत गेले. काम संपलं की बिट पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचं. बिटाची निमुळती शेपटी आणि ती जिच्यात बसते ती स्लीव्ह, दोन्ही कोरड्या फडक्यानं साफ करायच्या, कारण आत किसाचा एक कण राहिला तरी बिट डगमगतं. आणि धार गेलेलं बिट तसंच रेटायचं नाही, आधी ग्राइंडरवर न्यायचं. ग्राइंडरशी मामा उभे राहिले की बघत राहावं असं वाटायचं. बिट चाकाला टेकवायचं, मनगट किंचित वळवायचं, उचलायचं, बोटानं चाचपायचं. तापलेलं बिट कधी पाण्यात बुडवायचे नाहीत. "तडा जातोय. डोळ्याला दिसत न्हाय, पर आत जातोय." पत्र्यातून कापून केलेलं एक गेज त्यांच्या खिशात असायचं. धारेचे दोन्ही ओठ सारख्या लांबीचे आहेत का, कोन सारखा आहे का, ते त्याच्यावर उजेडात धरून बघायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला मशीनपाशी बोलावलं. प्लेट बांधलेली होती. बारीक बिटानं आधीचं छोटं भोक पाडून ठेवलेलं होतं.

"या, धरा हँडल."

"मामा, साहेब बघतील."

"साहेब जेवायलेत. धरा."

मी ओढणी मागं घट्ट बांधली आणि हँडल धरलं. भीतीनं अगदी हलकं धरलं होतं. बिट फिरत होतं पण उतरत नव्हतं, नुसतं कुरकुरत होतं.

"दाब द्या. भिऊ नका. जाड पोलादाला चाल हळू आन दाब पक्का. दाब कमी पडला की बिट नुसतं चाटतंय, कापत न्हाय. चाटलं की तापतंय, तापलं की मऊ पडतंय."

मी दाब दिला. बिटाच्या दोन्ही बाजूंनी कीस वर यायला लागला, दोन सारखे वळसे, चकलीसारखे. मामांनी तेल सोडलं. थोडं उतरलं की ते मला बिट वर घ्यायला लावायचे, अडकलेला कीस ब्रशनं काढायचे, परत खाली. "दोनी बाजूचा कीस सारखा आला म्हंजे समजायचं, दोनी ओठ काम करायलेत. एकाच बाजूनं आला तर एक ओठ फुकट फिरतोय." भोक आरपार जायला आलं तसं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाब कमी केला. बिट अलगद खाली निघालं.

एवढ्या नोकरीत मी पाडलेलं भोक ते एवढंच. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

असे होते मामा. आता मी काय केलं ते सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मोठी ऑर्डर आली. मुठीच्या उंचीएवढ्या जाड प्लेटा, प्रत्येकीला पुष्कळ मोठी भोकं, आणि गाळप सुरू व्हायच्या आत माल पोचवायचा. आमचा नेहमीचा बिटांचा पुरवठादार त्याच वेळी उशीर करायला लागला. मी दुसरा शोधला. त्यानं कोबाल्टची म्हणून बिटं दोन दिवसांत आणून दिली. जाड कामाला कोबाल्ट चांगलं, तापलं तरी धार टिकते. प्लॅस्टिकच्या नळ्यांमध्ये एकेक बिट, वर छान अक्षरं कोरलेली. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमनी वेळ निभावली. असं पाहिजे." मी त्या दिवशी घरी पेढे नेले होते. आठवलं की अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी मामा खिडकीशी आले. हातात दोन बिटं, दोन्हींची टोकं निळी पडलेली.

"ताई, ह्यो माल कच्चा हाय."

"कोबाल्ट आहे मामा. लिहिलंय की त्याच्यावर."

"लिवलंय व्हय. लिवणाऱ्यानं लिवलंय. एक करा, कानस घ्या आन घासून बघा. शेपटीला न्हाय, शेपटी मऊच असती. वर, धारंच्या अंगाला. चांगल्या बिटावर कानस सरकतीया. ह्याला चावंल."

कानस माझ्या मागं रॅकवर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. पण मामांच्या मागं दोघं फिटर उभे होते, आणि शॉपमधून साहेबही येत होते. सगळ्यांसमोर चौथी शिकलेला माणूस मला माल ओळखायला शिकवत होता. मी म्हटलं, "मामा, तेल नीट सोडता का? चाल जास्त ठेवली असेल." मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आलेला दिसला नाही. नवल वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "बरं," आणि दुसरी दोन बिटं घेऊन गेले.

साहेबांनी विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, "बिटं जाळतायत. काळजी घेत नाहीत."

हे वाक्य मी उच्चारलं. कुणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नाही.

आमच्याकडे नियम होता की तुटलेलं, जळलेलं बिट परत आणून द्यायचं आणि मगच नवीन न्यायचं. मामांच्या बाबतीत मी तो कधी कडक पाळला नव्हता. आता पाळायला घेतला, तर सात बिटं परत आलेली नव्हती. मी मामांना विचारायला हवं होतं. दहा पावलांवर त्यांचं मशीन होतं. विचारायच्या ऐवजी मी कागदावर लिहिलं, "ड्रिल सेक्शन, वापरात हलगर्जी, सात बिटं जमा नाहीत," खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं, साहेब मामांना केबिनमध्ये बोलावतील, दोन शब्द बोलतील, मामा वरमतील, आणि पुन्हा कुणासमोर माझ्या मालाला नावं ठेवणार नाहीत.

साहेबांनी तसं केलं नाही. दुपारी शिफ्ट बदलताना, जाणारे आणि येणारे दोन्हीकडचे लोक शॉपवर असताना ते मामांच्या मशीनपाशी गेले. मलाही बोलावून घेतलं. मशीनच्या खांबाशी मामांची पत्र्याची पेटी असायची, हिरवी, साध्या कडीची.

"उघडा," साहेब म्हणाले.

"काय झालं साहेब?"

"उघडा म्हटलं ना."

मामांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, खाली बसले आणि पेटी उघडली. आत एक डबा, चष्मा, ते पत्र्याचं गेज, आणि तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेली बिटं. मामांनी फडकं उलगडलं. माझी सात बिटं होती. जळलेला भाग घासून टाकलेला, लांबी कमी झालेली, आणि प्रत्येकाला नव्यानं धार लावलेली. टोक नेहमीपेक्षा चपटं केलेलं, मधला जाड भाग घासून बारीक केलेला, म्हणजे बिट खुणेवरून सरकू नये. मेकॅनिकल शिकलेल्या माणसाला ते एका नजरेत कळत होतं. मला कळलं.

"हे इथं का? स्टोअरला का नाही?"

"साहेब, जमा केली असती तर भंगारात गेली असती. हाताशी माल न्हाय. आखूड झाली तरी पातळ कामाला चालत्यात. चालवायलोय तशीच."

त्याच फडक्यात आणखी चार बिटं होती. जुनी, काळपट, जाड. त्यांच्या शेपटीवर कानशीनं मारलेली एकेक बारीक खूण.

"आणि ही?"

"ती माजी हायेत. पूर्वीच्या वर्कशॉपच्या मालकानं दिल्यात, बंद झालं तवा. मोठी भोकं ह्याच्यानंच पाडायलोय. नवीन माल टिकंना."

म्हणजे आमच्या ऑर्डरची मोठी भोकं मामा स्वतःच्या बिटांनी पाडत होते. कुणाला न सांगता.

साहेबांना मागं फिरता येईना. एवढ्या लोकांसमोर पेटी उघडायला लावली होती. ते म्हणाले, "तुमची म्हणून काही लिहिलेलं आहे का? कारखान्याच्या आत जे आहे ते स्टोअरला जमा. मॅडम, सगळी घेऊन जा. अकराच्या अकरा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मामाही बघत होते. ती चार बिटं आमच्या स्टोअरची नाहीत हे त्या जागेवर खात्रीनं सांगू शकणारी मी एकटी होते, कारण तसलं जुन्या बनावटीचं बिट माझ्या हातून कधी गेलंच नव्हतं. "साहेब, ही आपली नाहीत," एवढं म्हणायचं होतं. मी खाली वाकले आणि फडक्यासकट बिटं उचलली. फडकं जड होतं, तेलानं माझा हात आणि बाही माखली. मामांनी रिकामी पेटी बंद करून कडी लावली. एवढंच म्हणाले, "फडकं तरी ठिवा ताई." मी फडकंसुद्धा ठेवलं नाही. बिटं हातात सुटी कशी न्यायची, म्हणून.

त्यानंतर मामा रोज खिडकीशी येऊन स्वतःचीच बिटं सही करून न्यायचे आणि शिफ्ट संपली की परत द्यायचे. पुसून, तेल लावून. माझ्याशी बोलायचे कामापुरतं. ताई म्हणायचं थांबवलं नाही त्यांनी. ऑर्डर पूर्ण झाली, ट्रक भरून गेला, आणि पुढच्या सोमवारी मामा आले नाहीत. बुधवारी त्यांचा पुतण्या राजीनाम्याचा कागद देऊन गेला. कारण शेतीचं लिहिलं होतं.

मामा सोडून गेल्यावर काही आठवड्यांनी स्टॉक तपासताना ती कोबाल्टची उरलेली बिटं हातात आली. स्टोअरमध्ये कुणी नव्हतं. मी कानस घेतली. आधी मामांच्या चारांपैकी एकावर घासली, धारेच्या अंगाला. कानस काचेवरून जावी तशी सरकली. मग नळीतून नवंकोरं बिट काढलं आणि त्याच्यावर घासली. कानस चावली. चकचकीत चरा उठला आणि टेबलावर बारीक भुगा पडला.

मी तो भुगा फडक्यानं पुसला. साहेबांना म्हटलं, नवा पुरवठादार वेळ पाळत नाही, जुन्याकडेच जाऊ. साहेब म्हणाले, बघ तुला कसं ठीक वाटतं ते. उरलेली बिटं भंगारात गेली. मामा बरोबर होते हे मी कुणालाही सांगितलं नाही. साहेबांना नाही, शॉपवर नाही, नवऱ्यालाही नाही. आधीचं सगळं रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल. हे मी शांत डोक्यानं, खुर्चीत बसून केलं. म्हणून मला त्याचंच जास्त लागतं.

वर्षं गेली. साहेब निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले. कारखान्यात चुंबकानं प्लेटला चिकटणारी ड्रिल मशिनं आली, पोकळ कटर आले. रेडियल ड्रिल आता एखाद्या कामापुरतं चालतं. गेल्या वर्षी त्याच्यावर एका ऑपरेटरनं मोठं बिट मोडलं आणि तुकडा खिडकीत आणून ठेवला. "मॅडम, हे जुनं होतं, गेलं." शेपटीवर कानशीची खूण होती. रॅकवर बघितलं तर त्या चारांतली दोनच उरली होती. त्याच्या आधीचं कधी मोडलं ते मला आठवतही नव्हतं. इतर भंगाराबरोबर मीच ते टाकलं असणार.

त्या रविवारी मी उरलेली दोन बिटं आणि मोडलेला तुकडा फडक्यात बांधला, स्कूटर काढली आणि अक्कलकोट रस्त्यानं वळसंगला गेले. व्यवस्थापनाला विचारून, रीतसर गेटपास करून नेली होती. गावात ड्रिलवाले मामा म्हटल्यावर लगेच रस्ता सांगितला. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आत एक उभं ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट, बाहेर दोन ट्रॅक्टरचे नांगर. मामा एका जाड पट्टीला खुणा करत होते. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. मला बघून उठले.

"ताई? हिकडं कुटं?"

घरात कानडीत हाक मारली. मामी चहा घेऊन आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, मग मामांना कानडीत काहीतरी विचारलं. मामांनी उत्तर दिलं तसं मामींचं हसू गेलं. कप माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

मी फडकं उलगडून त्यांच्यासमोर ठेवलं. मग सगळं सांगितलं. तेव्हा कानस न घेतल्याचं, ती नंतर घासून बघितल्याचं, कुणाला न सांगितल्याचं. मामा ऐकत होते. त्यांनी एक बिट उचललं, उजेडाकडे धरलं, ओठावरून अंगठा फिरवला.

"धार कुणी लावली ह्याला? एक ओठ लांब हाय."

"माहीत नाही मामा."

त्यांनी बिट परत फडक्यावर ठेवलं.

"तितनं सुटल्यावर मी दोन कारखान्यात गेलतो, ताई. चिंचोळीतच. दोन्हीकडं एकच इचारलं. तुमचीच का ती पेटी उघडली हुती? एका गेटवर तर वॉचमननंच इचारलं. काय सांगायचं? व्हय म्हणलं, माजीच. मग हितं शेड टाकली. बरं चाललंय तसं. पर पोरीच्या सोयरिकीच्या टायमाला बी एकानं ते काढलं."

"मामा, माझं चुकलं. मी माफी मागायला आले."

"आता मला सांगून काय व्हायचंय? मला ठावं हुतं की, मी चोर न्हाय म्हनून." आवाज चढला नव्हता. "पेटी चार माणसांत उघडली. चार माणसांतच सांगायचं हुतं."

मी म्हटलं, आता सांगते. ते म्हणाले, "बगा." आणि पट्टीवरच्या खुणेवर पंच ठेवून हातोडी मारली. मी उठले. बिटं तिथंच राहिली. मामी बाहेर आल्या नाहीत.

आमच्याकडे सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे शॉपवर उभे राहतात, कामाच्या आणि सुरक्षेच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. सोमवारी मी नव्या मॅनेजरना विचारलं, मला पाच मिनिटं बोलायचंय. ते म्हणाले, बोला की मॅडम, स्टोअरचा काही विषय का? मी हो म्हटलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. इथं रेडियलवर एक मामा होते. त्यांची पेटी उघडली होती. त्यांनी काही चोरलं नव्हतं. मी आणलेला माल खराब होता आणि मला ते नंतर कळलं होतं, तरी मी बोलले नाही. पेटीतली चार बिटं त्यांची स्वतःची होती आणि आपण ती ठेवून घेतली. समोर चाळीसेक माणसं उभी होती. निम्म्याहून अधिक जणांनी मामांना कधी बघितलंही नव्हतं. एकजण शेजाऱ्याला हळूच विचारत होता, कोण मामा? सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मॅनेजर म्हणाले, "थँक्यू मॅडम. यातून आपण शिकायचं म्हणजे टूल घेताना तपासून घ्यायचं." मग त्यांनी हेल्मेटचा विषय काढला. मी खिडकीत जाऊन बसले.

दुपारी आमचे जुने वेल्डर इलेक्ट्रोड न्यायला आले. सोलापुरातलेच, विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. पेटी उघडली तेव्हा ते तिथं होते. इलेक्ट्रोडचं पाकीट घेतलं, सही केली, पण गेले नाहीत.

"मॅडम, सकाळी बोललात ते. आम्हाला माहीत होतं की."

"काय माहीत होतं?"

"बिटं कच्ची होती ते. फिटर लोकांनी त्याच आठवड्यात घासून बघितलं होतं. आणि ती चार मामांची होती, हे तर सगळ्यांनाच माहीत. माझ्याच समोर त्यांनी त्याच्यावर खूण मारली होती."

"मग तेव्हा कुणीच का बोललं नाही?"

ते थोडे ओशाळले. "तुम्ही खिडकीत बसता मॅडम. आम्हाला रोज तुमच्याकडंच यावं लागतंय. आणि मामांनीच सांगितलं होतं, कुणी बोलू नका. म्हणाले, ताईला कळंल, ती शिकलेली हाय, ती सांगंल."

ते गेल्यावर मी खिडकीची फळी खाली ओढली. स्टोअर असं दिवसा बंद करत नाहीत. कुणीतरी बाहेरून दोनदा ठोठावलं. मी बसून राहिले.

संध्याकाळी बसमधून वळसंगला फोन लावला. मामींनी उचलला. मराठी त्यांना बेताचीच येते. मी म्हटलं, मामांना सांगा, मी आज कारखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगते. पाठीमागं शेडमधल्या मशीनचा आवाज येत होता. मी म्हटलं, मामा आहेत का, दोन मिनिटं बोलायचं होतं. त्यांनी फोन दूर धरून कानडीत विचारलं. मशीन काही थांबलं नाही.

"काम चालू हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच फोन ठेवला.